ह्यूस्टन रोडिओच्या संयोजकांना खुले पत्र : दान चालू ठेवा, वासराला सोडा

प्रति,
सन्माननीय पदाधिकारी, कार्यकारी समिती आणि स्वयंसेवक,
ह्यूस्टन लाइव्हस्टॉक शो अँड रोडिओ,
ह्यूस्टन, टेक्सास.

स. न. वि. वि.

टाय-डाउन रोपिंग, म्हणजे पळत्या वासराला दोराच्या फासात पकडून, जमिनीवर आडवे करून त्याचे तीन पाय बांधण्याची स्पर्धा, आपण आपल्या रोडिओच्या, म्हणजे गुराखी-कसबाच्या स्पर्धांच्या, कार्यक्रमात वर्षानुवर्षे कायम ठेवत आला आहात. त्या निर्णयाविरुद्ध हे पत्र आहे. याची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहे. मराठीत लिहिण्याचे कारण असे की, मार्च महिन्यात आपल्या स्टेडियमकडे जाणाऱ्या रेड लाइन गाडीत मला दरवर्षी मराठी ऐकू येते. माझे काही मित्र तर आपल्या पस्तीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांपैकी आहेत. तिकीट काढणाऱ्या आणि बिल्ला लावून फाटकावर उभ्या राहणाऱ्या या माणसांनाही हे वाचता यावे, अशी माझी इच्छा आहे.

मी आपला शत्रू नाही, हे आधीच सांगतो. फेब्रुवारीत टेक्सासच्या चारी दिशांनी घोडेस्वारांचे जथे निघतात आणि दिवसचे दिवस रस्त्याने चालत शहरातल्या मेमोरियल पार्कमध्ये मुक्कामाला येतात, तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या माझ्यासारख्या माणसाला दिंडीची आठवण होणे साहजिक आहे. १९५२ साली ब्रेनहमहून चार माणसे निघाली आणि त्यातून ही प्रथा पडली, हे कळल्यापासून तर मला ती अधिकच जवळची वाटते. ‘गो टेक्सन’च्या शुक्रवारी, म्हणजे सारे शहर गुराख्याच्या वेशात वावरते त्या दिवशी, मीही कचेरीत बूट आणि हॅट घालून जातो आणि दिवसभर पाय दुखतात म्हणून कुरकुरतो. सतरा वर्षांत, २०२० आणि २०२१ ही साथीची दोन वर्षे सोडली, तर माझा एकही हंगाम चुकलेला नाही. गावाकडे फोनवर मी रोडिओला ‘आमची जत्रा’ म्हणतो.

या जत्रेशी माझा आणखी एक धागा आहे. माझी मुलगी शाळेच्या एफएफए गटात, म्हणजे शेती-पशुपालन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेत, होती आणि शाळेच्या गोठ्यात तिने दोन वर्षे कोकरे वाढवली. सकाळी साडेपाचला उठून ती त्यांना चारायला जाई. कोणत्या कोकराने किती खाल्ले, कोणाचे वजन किती भरले, याची वही तिने ठेवली होती. पशुप्रदर्शनाच्या दिवसांत आपल्या प्रदर्शन-इमारतीत मी तासन् तास हिंडलो आहे. तिथे एकदा एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आपल्या गोऱ्ह्याला आंघोळ घालून झाल्यावर मोठ्या ब्लोअरने त्याचे केस वाळवत होती. एका हाताने वारा, दुसऱ्या हाताने खरारा, आणि मधूनच त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटणे, असे तिचे चालले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ओढ्यावर बैल धुणारे माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, अगदी असेच पुटपुटत. त्या गोऱ्ह्याचा पुढे लिलाव होणार आणि तो खाटकाकडे जाणार, हे त्या मुलीला ठाऊक होते. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, ती त्याला इतक्या निगुतीने सांभाळत होती. शेतकऱ्याच्या घरात जनावराशी असलेल्या नात्यात प्रेम आणि व्यवहार एकाच दावणीला बांधलेले असतात. त्याबद्दल शहरी माणसाने नाक मुरडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी तक्रार या नात्याबद्दल नाही, तर स्टेडियमच्या मातीत ते ज्या क्षणी तुटते त्या क्षणाबद्दल आहे.

तो क्षण काय असतो, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण मराठी वाचकांसाठी सांगतो. व्यावसायिक रोडिओत या स्पर्धेसाठी २२० ते २८० पौंडांचे, म्हणजे साधारण १०० ते १२७ किलोंचे वासरू वापरतात. त्याला अरुंद पिंजऱ्यातून सोडतात, थोडे पुढे जाऊ देतात आणि मग मागून घोडेस्वार सुटतो. फास मानेत पडला की घोडा जागच्या जागी थांबतो. भरधाव पळणारे वासरू दोराच्या टोकाला पोहोचून मानेतून मागे खेचले जाते. स्वार उडी टाकतो, दोराच्या कडेने धावत येतो, वासराला उचलून कुशीवर आपटतो आणि दातांत धरलेल्या आखूड दोरीने त्याचे तीन पाय आवळून हात वर करतो. या सगळ्या वेळात शिकवलेला घोडा मागे मागे सरकत दोर ताणून धरतो. वासरू पुढची सहा सेकंदे बांधलेल्या अवस्थेत राहिले तरच फेरी धरली जाते. चांगल्या स्वाराला हे सारे करायला सात-आठ सेकंद पुरतात. मोठ्या पडद्यावर सेकंदांचे शतांश झळकतात आणि टाळ्या पडतात.

माझ्या आक्षेपांपैकी पहिला आणि सगळ्यांत मोठा आक्षेप या घड्याळावर आहे. कुरणावर वासराला दोराने पकडणे हे खरे काम आहे. डाग द्यायचा असतो, औषध पाजायचे असते, जखम पाहायची असते. पण त्या कामात चांगला गुराखी तो, ज्याच्या हातून वासराला कमीत कमी त्रास होतो, कारण ते वासरू त्याच्याच मालकाचे असते आणि उद्याही त्याला ते वाढवायचे असते. आपण कामातून औषध काढले, डाग काढला आणि घड्याळ आत आणले. जे कौशल्य जनावर राखण्यासाठी जन्मले, त्याचे बक्षीस आता जनावराला किती झटक्यात पाडले यावर ठरते. याला गुराख्यांची परंपरा म्हणणे मला पटत नाही, कारण परंपरेतल्या गुराख्याला शतांश सेकंदाशी काही देणेघेणे नव्हते.

दुसरा आक्षेप परंपरा या शब्दाच्या वापरावरच आहे. तो मांडण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण याच शब्दाच्या बाजूने मी एकेकाळी तावातावाने भांडलो आहे. आमचा भाग बैलगाडा शर्यतींचा. गावोगावी चढणीचा घाट, गाड्याला चार बैल, पुढे घोडी, निशाण पडले की माइकवरून ‘भिर्रर्र’ची आरोळी आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा, परंपरा मोडली, खिल्लार जातीचा बैल संपणार, जत्रेवर पोट असलेली माणसे कुठे जाणार, हे तिन्ही मुद्दे मी ह्यूस्टनमध्ये बसून इंटरनेटवर लिहीत होतो. शब्द बदलले तर हेच तीन मुद्दे रोडिओच्या समर्थनातही ऐकू येतात.

अण्णांनी मात्र त्या बंदीनंतर फोनवर एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोवर कधी सांगितली नव्हती. मी सातवीत असताना, एका यात्रेत, घाटाच्या वरच्या टोकाला आमचा उजवा बैल गुडघ्यावर गेला होता. तो घसरला असे मला तेव्हा सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात गाडा सुटण्याआधी कोणीतरी त्याच्या मागच्या भागावर खिळा लावलेली पराणी टोचली होती. हे अण्णांनी पाहिले होते आणि शर्यत हातातून जाईल म्हणून ते गप्प राहिले होते. “त्याची चूक नव्हती, माझी होती,” एवढेच ते म्हणाले आणि पावसाचे विचारू लागले. त्या दिवसापासून ‘आमच्याकडे जनावरावर पोटच्या पोरासारखे प्रेम करतात’ हे वाक्य मी वादात वापरत नाही. प्रेम करतात हे खरे आहे, आणि घड्याळ समोर आले की तेच हात काय करतात हेही खरे आहे.

पुढे काय झाले हे आपल्यालाही उपयोगी पडेल. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांच्या चौकटीत शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य ठरवला. शर्यती आल्या, पण पूर्वीच्या रूपात आल्या नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली, पशुवैद्यकाची तपासणी आली, चाबूक आणि पराणी कागदावर तरी गेली. जनावराला वेदना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. (कागदावर तरी असे मी मुद्दाम म्हणतो. सगळे घाट सुधारले असा दावा करण्याइतका मी भोळा नाही.) तरीही घाट ओस पडले नाहीत, गर्दी उलट वाढली. परंपरेतला एक तुकडा काढला की सगळी परंपरा कोसळते, ही भीती आमच्याकडे खोटी ठरली आहे.

आपल्याकडेही ती खोटीच आहे, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १९३२ साली पहिला मेळा भरला तेव्हा ते नुसते पशुप्रदर्शन होते, त्यात रोडिओ नव्हताच. तो १९३८ साली आला. गाणारा कलाकार १९४२ साली जीन ऑट्रीच्या रूपाने आला. १९६६ साली आपण अ‍ॅस्ट्रोडोममध्ये गेलात, २००३ साली शेजारच्या नव्या स्टेडियममध्ये. आपला मेळा बदलतच इथवर आला आहे आणि दर बदलानंतर तो मोठा झाला आहे.

तिसरा आक्षेप पैशाविषयी आहे. तो जपून मांडतो, कारण इथे आपली बाजू भक्कम आहे. १९३२ पासून टेक्सासमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी आपण साठ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली आहे. हा आकडा छातीठोकपणे सांगावा असाच आहे. २०२२ साली विजेत्या गोऱ्ह्याला लिलावात दहा लाख डॉलर मिळाले, तेव्हा मी मुलीसह टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या शिष्यवृत्तीवर शिकलेली माणसे माझ्या कचेरीत आहेत. मात्र टाय-डाउन रोपिंगविषयी कोणी प्रश्न विचारला की उत्तरात हाच आकडा पुढे येतो आणि विचारणारा गरीब मुलांच्या शिक्षणाच्या विरोधात असल्यासारखा दिसू लागतो. माझा साधा प्रश्न आहे : या साठ कोटींपैकी किती रक्कम त्या सात-आठ सेकंदांमुळे आली? लिलावातून किती, देणग्यांतून किती, बार्बेक्यू स्पर्धेतून, जत्रेच्या पाळण्यांतून आणि खाण्याच्या दुकानांतून किती, आणि गाण्यासाठी आलेल्या गर्दीतून किती?

गर्दीविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. आपले तिकीट एकच असते, त्यात रोडिओही आला आणि मैफलही आली. संध्याकाळी स्पर्धा सुरू होतात तेव्हा कितीतरी खुर्च्या रिकाम्या दिसतात. आठ-सव्वाआठनंतर त्या भरू लागतात आणि ताऱ्याच्या आकाराचा तो फिरता मंच मातीवर आणला जातो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. १७ मार्च २०१९ रोजी गायक जॉर्ज स्ट्रेटसाठी ऐंशी हजारांहून अधिक माणसे आली. २६ फेब्रुवारी १९९५ रोजी अ‍ॅस्ट्रोडोममध्ये गायिका सेलेनाला ऐकायला साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. तिच्या जांभळ्या पोशाखाविषयी या शहरातली माणसे आजही कालच पाहिल्यासारखी बोलतात. त्या रात्री वासराला किती सेकंदांत बांधले, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. ती दिवसभर पशुप्रदर्शनात रमते, स्पर्धांच्या वेळी बाहेर लिंबूपाणी घेऊन बसते आणि गाण्याच्या वेळी आत येते. तिचे तिकीट मात्र रोडिओच्या प्रेक्षकांत मोजले जाते, आणि दरवर्षीच्या पंचवीस लाखांच्या आसपासच्या गर्दीचा आकडा लोकांना हे सगळे असेच हवे आहे याचा पुरावा म्हणून वापरला जातो. गाणे ऐकायला आलेल्या माणसाचे मत आपण परस्पर वासराच्या विरोधात टाकता, हा माझ्या मते सरळ व्यवहार नाही.

आपण म्हणाल, आमच्याकडे पशुवैद्यक असतात, नियम असतात, जनावर म्हणजे आमचे धन. हे मी मान्य करतो. आपल्या लोकांची नियत वाईट आहे असे मला वाटत नाही. पण पशुवैद्यक हजर असणे ही इजा झाल्यानंतरची सोय आहे. माझा आक्षेप कोणाच्या हलगर्जीपणावर नसून खेळाच्या मांडणीवर आहे. त्यात सगळे नियमानुसार झाले तरी पळते वासरू मानेतून खेचले जाणारच, कारण नियमच तसा आहे. ब्रिटनने रोडिओतल्या अशा प्रकारांना कायद्याने आळा १९३४ सालीच घातला. ते फार दूरचे वाटत असेल, तर कॅनडातल्या क्लोव्हरडेल रोडिओकडे पाहावे. तिथे २००७ साली एका वासराच्या मृत्यूनंतर संयोजकांनी टाय-डाउन रोपिंगसह चार प्रकार काढून टाकले आणि बाकीचा रोडिओ चालू ठेवला.

बुल रायडिंगविषयी, म्हणजे उसळत्या बैलाच्या पाठीवर टिकून राहण्याच्या स्पर्धेविषयी, माझे मत पक्के नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. आठ सेकंदांचा तो सामना बहुतेक वेळा बैलच जिंकतो आणि जिंकून ऐटीत परत जातो, हे पाहताना माझ्यातला गाडामालक अजूनही खूश होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मेंढीच्या पाठीवर बसवण्याचा प्रकार मला आवडत नाही, पण तो या पत्राचा विषय नाही. काफ स्क्रॅम्बल, म्हणजे मुलांनी मोकळ्या वासरांच्या मागे धावून ती पकडण्याचा खेळ, मला यापेक्षा बरा वाटतो, कारण पकडणाऱ्या मुलाला पुढे स्वतःचे जनावर घेण्यासाठी पैसे मिळतात आणि ते वाढवण्याची जबाबदारीही येते. सगळेच बंद करा असे म्हणणाऱ्यांत मी नाही. एका प्रकारावर बोट ठेवून बोलतो आहे, म्हणून तरी आपण ऐकावे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली मागणी : पुढच्या हंगामापासून टाय-डाउन रोपिंग बंद करावे आणि त्याच्या जागी पुरुषांसाठीही ब्रेकअवे रोपिंग ठेवावे. हा प्रकार आपल्याकडे आजही आहे आणि त्यात महिला स्वार उतरतात. दोर खोगिराला बारीक सुतळीने बांधलेला असतो. फास पडून दोर ताणला की सुतळी तुटते, घड्याळ थांबते आणि वासरू पळत सुटते. घोडा तोच, नेम तोच, दोर तोच, सेकंदांचे शतांशही तेच. ज्या महिलांचे कौशल्य आपण स्टेडियमभर मिरवता, त्यांचा प्रकार पुरुषांना कमी दर्जाचा वाटत असेल, तर ती अडचण वासराची नाही. बक्षिसाची रक्कम तेवढीच ठेवावी, म्हणजे स्वारांच्या पोटावरही पाय येणार नाही.

दुसरी मागणी : बदल अमलात येईपर्यंत दर रात्री विजेत्यांच्या वेळा दाखवता त्याच पडद्यावर, त्या रात्री किती जनावरे मैदानात उतरली, कितींना इजा झाली आणि त्यांचे पुढे काय झाले, हे दाखवावे. इजा झाली नसेल तर शून्य दाखवावे. त्या शून्यालाही मी टाळ्या वाजवीन.

तिसरी मागणी : शिष्यवृत्ती निधीत कोणत्या कार्यक्रमातून किती रक्कम जमा झाली, याचा सामान्य माणसाला कळेल असा तपशील दरवर्षी जाहीर करावा, आणि फक्त पशुप्रदर्शनाला व मैफलीला जाणाऱ्यांचे मत एका साध्या प्रश्नावलीतून नोंदवून तेही जाहीर करावे.

मराठी स्वयंसेवक मित्रांना एक विनंती आहे. आपण समितीच्या बैठकांना जाता, तिथे आपल्याला मत मांडता येते. रोडिओ हा १९९७ पासून टेक्सासचा अधिकृत राज्यक्रीडाप्रकार आहे, आपण बाहेरून आलेले, आपण कशाला बोलायचे, असे काही जण म्हणतात. सतरा वर्षे ज्या शहरात मी कर भरला, ज्या शाळेच्या गोठ्यात माझ्या मुलीने कोकरे वाढवली आणि जिथे मी हॅट घालून पाय दुखवून घेतले, तिथे मी किती दिवस बाहेरचा राहायचे? हे पत्र बैठकीत वाचून दाखवले तर मी आभारी राहीन. त्यावर टीका झाली तर तीही मला कळवावी.

पुढच्या मार्चची तिकिटे मी नेहमीप्रमाणे काढणार आहे. सकाळी प्रदर्शनात असेन, गाण्यालाही असेन. टाय-डाउन रोपिंगची पाळी येईल तेव्हा खुर्चीवर हॅट ठेवून मी उठेन, मुलीशेजारी बाहेर जाऊन बसेन आणि ते संपल्यावर परत येईन. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला नम्र,
ह्यूस्टनमधील एक मराठी तिकीटधारक